काऊच्या बाजूनं: ‘चिऊताई दार उघड’ दाराबाहेरून सांगायच्या कामाच्या नोंदी

काम असं: चिऊ-काऊची गोष्ट काऊच्या तोंडून सांगणारी, मोठ्यानं वाचायची पुस्तिका. वय ५ ते ९. आतली १६ पानं, वर कव्हर, ३०० प्रती. माणसं तीन: लिहिणारं, चित्रं काढणारं आणि मुलांसमोर वाचणारं. जागा नागपूर. कुणी अशीच एखादी गोष्ट उलट्या बाजूनं सांगायला घेणार असेल तर त्याचे निदान दोन-तीन आठवडे वाया जाऊ नयेत म्हणून या नोंदी.

४ एप्रिल

गोष्ट ठरली. आधी भोपळ्यातल्या म्हातारीचा वाघ घ्यायचं मनात होतं, पण वाघाला एकच म्हणणं आहे, भूक. ते तो मूळ गोष्टीत स्वतःच सांगून मोकळा होतो. आपल्याला सांगायला काही उरत नाही. काऊचं तसं नाही. तो पाच-सहा वेळा दार ठोठावतो आणि एकदाही त्याचं कुणी ऐकून घेत नाही. खलनायक निवडताना हे आधी पाहावं: मूळ गोष्टीत त्याला किती वेळ गप्प ठेवलंय. त्या गप्प जागांतच आपल्याला लिहायचं असतं.

महाल, सक्करदरा आणि इतवारीतल्या घरांतून गोष्ट ऐकून घेतली. सुरुवात सगळीकडे सारखी: काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, मोठा पाऊस, शेणाचं घर गेलं. शेवट मात्र तीन प्रकारचे. एकात दार उघडतं आणि काऊ चुलीशी ऊब घेत बसतो. दुसऱ्यात तो आत येऊन खीर खातो. तिसऱ्यात त्याला चटका बसतो आणि तो काव काव करत पळतो.

गोष्ट कुणाच्या मालकीची नाही, परवानगीची भानगड नाही. लीळाचरित्रात ती येते, म्हणजे सातशे वर्षं जुनी झाली. तिथं चिऊच्या जागी साळै आहे. शेण आणि मेण मात्र तेच. म्हाइंभटांनी ज्या रिद्धपुरात बसून लीळाचरित्र लिहिलं ते इथून जवळच, अमरावती जिल्ह्यात. सातशे वर्षांत पक्षी बदलला तरी चालला, घराचं सामान बदललं नाही. म्हणून शेणामेणाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

दुसरा नियम आज लिहून भिंतीला चिकटवला: गोष्टीतला एकही प्रसंग बदलायचा नाही, फक्त दाराची बाजू बदलायची. गोष्ट सुरू होण्याआधीचं आणि दाराबाहेरचं आपलं. दाराआतलं मूळ गोष्टीचं.

९ एप्रिल

पहिला खर्डा झाला. २,९०० शब्द. काऊ पहिल्या ओळीपासून रडतो: लोक मला काळा म्हणतात, पिंडाला शिवायला बोलावतात आणि एरवी हाकलतात, पाहुणा येणार हे मी सांगतो आणि पोळी पाहुण्याला मिळते. लिहिताना फार मजा आली, तेव्हाच शंका यायला हवी होती.

१५ एप्रिल

पहिलं वाचन. संध्याकाळी सातला गच्चीवर, त्याआधी गच्ची पाय टेकवू देत नाही. १४ मुलं. वाचायला २७ मिनिटं लागली, आणि सातव्या मिनिटाला निम्मी मुलं पाण्याच्या टाकीमागं गेली होती. पाऊस अजून पडायचाच होता.

चूक उघड आहे. काऊचं गाऱ्हाणं माणसांबद्दल होतं, चिऊबद्दल नव्हतं. पिंड, श्राद्ध, पाहुणा हा मोठ्यांचा मसाला. मुलांना फक्त एवढंच कळायला हवं होतं की तो भिजतोय आणि दार बंद आहे. पहिली नऊशे शब्दांची प्रस्तावना अख्खी काढली. त्यातलं एकही वाक्य पुढं कुठं लागलं नाही.

मुलांसमोर थांबत थांबत वाचताना मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. बारा मिनिटांच्या वर जायचं नाही असं ठरवलं, म्हणजे कमाल १,२०० शब्द.

२१ एप्रिल

दुसरा खर्डा, १,३५० शब्द. याच्यात काऊ बिचारा आहे. नवतपाच्या (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांच्या) उन्हात त्यानं चिऊला आपल्या शेणाच्या गार घरात सावलीला घेतलं होतं, आणि पावसात तीच चिऊ दार उघडत नाही. ऐकताना सगळी मुलं गप्प. आम्हाला वाटलं जमलं.

वाचन संपल्यावर सहा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, “मंग चिऊ वाईट हाय का?” बाकीच्यांनी एका आवाजात होय म्हटलं.

खर्डा रद्द. खलनायकाला धुऊन काढला की काळं कुणाच्या तरी अंगाला लागतंच, आणि ते लागलं चिऊला. आम्ही गोष्ट उलटी केली नव्हती, दोन पक्ष्यांच्या जागांची अदलाबदल केली होती. मूळ गोष्टीत एक वाईट होता, आमच्यात दुसरी झाली, फरक शून्य. बारा दिवस गेले.

एक सूचना अशीही आली की शेवटी काऊचा बडग्या, म्हणजे मारबतीसोबत निघतो तसा पुतळा, करून मुलांकडून मिरवावा. नागपुरात हे सुचणारच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण जे नको ते पुतळ्यात भरतो, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवतो आणि जाळतो. मारबतीला तिचं म्हणणं कुणी विचारत नाही. इथं नेमकं ते विचारायचं काम आहे. सूचना नाकारली, पुस्तिका खपवायला बरी होती तरी.

२८ एप्रिल

आठवडाभर अडलेलं आज सुटलं, आणि सुटलं ते पक्ष्यांकडे पाहून. गावकावळा चिमणीची अंडी आणि पिल्लं खातो. हे कुणालाही खिडकीतून दिसतं. म्हणजे चिऊला दार न उघडायला कारण आहे, आणि ते कारण काऊला माहीत आहे. फक्त तो ते सांगणार नाही.

आता काऊ खोटं बोलत नाही, वगळतो. खर्ड्याच्या पहिल्याच पानावर हे आलं:

“मी तिच्या घरी एकदा गेलो होतो. घर पाहाले गेलो होतो, बाकी काही नाही. अंडी तीन होती. मोजली नाही मी, दिसली.”

आणि शेवटच्या पानावर, दार उघडल्यावर:

“आत चूल पेटून राहिली होती. पाळण्यात एक पिल्लू झोपून राहिलं होतं. एकच. मी म्हटलं, बाई, चांगलं आहे न तुझं घर.”

मधल्या पानांत अंड्यांचा शब्दही नाही. तो ‘एकच’ काऊनं का म्हटलं हे ज्यानं पहिलं पान लक्षात ठेवलं त्याला कळेल. बाकीच्यांसाठी तो नुसता भिजलेला कावळा राहील, आणि तेही चालतं. नियम मोडला नाही: अंडी गोष्टीच्या आधी, पिल्लू मूळ गोष्टीतलंच. शेवट पहिल्या प्रकारचा घेतला, दार उघडतं तो. खीर आणि चटका दोन्ही टाकले. दोन्हींत हिशोब तिथंच चुकता होतो आणि मुलांना मोजायचं कारण उरत नाही.

३ मे

बोली. काऊ नागपुरी बोलणार हे पहिल्यापासून ठरलं होतं. चिऊचं बोलणं मात्र आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलं तसंच ठेवलं होतं: “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.”

आज वाचणाऱ्यानं हात वर केले. मले-तुले म्हणतो तो चोर आणि मला-तुला म्हणते ती सोज्ज्वळ, हे आपण नागपुरात बसून मुलांना वाचून दाखवणार? पाच खर्डे झाले तरी कुणाला दिसलं नव्हतं. सिनेमा-नाटकानं कानाला इतकी सवय लावली आहे.

दुरुस्ती: चिऊही इथलीच. “थांब न बाप्पा, लेकराले न्हाऊ घालून राहिली मी.” गोष्ट एकदम जवळ आली, आणि दोघं एकाच झाडावरचे शेजारी झाले.

दुसरी अडचण उलट बाजूची. सगळाच मजकूर ठसक्यात लिहिला तर इंग्रजी माध्यमातली मुलं अडखळतात, आणि वाचणारे पालकही, कारण बोलीचं लेखन कुणी शाळेत शिकलेलं नसतं. रायलो, राह्यलो, राहिलो? नाई की नाही? तीन घरांत तीन प्रकारे वाचलं गेलं. शेवटी मर्यादा घातली: ‘-ऊन राहिलो’ची क्रियापदं, मले-तुले-कायले, पाहाले-सांगाले, आणि ‘न’, ‘बाप्पा’, ‘पोट्टे’ असे दहा-बारा शब्द. बाकी लेखन नेहमीचं. बोलीचा गोडवा वाचणाऱ्याच्या जिभेवर सोडायचा, प्रत्येक उच्चार कागदावर पकडायच्या फंदात पडायचं नाही.

‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ ही ओळ आहे तशीच. तिला हात लावून पाहिला, ‘दार खोल न चिऊताई’ केलं. मुलांनी वाचणाऱ्याला मध्येच थांबवून दुरुस्त केलं.

८ मे

ठोठावण्याची पानं. काऊ बाहेर आहे, त्याला आतलं दिसत नाही, हे आम्ही लिहिताना चार ठिकाणी विसरलो. ‘चिऊनं बाळाच्या डोक्यावर टोपडं घातलं’ असं काऊ सांगतो, ते त्याला कुठून कळलं? अशी वाक्यं लाल पेनानं शोधली. त्याला कळू शकतं ते एवढंच: तांब्या घंगाळाला लागल्याचा आवाज, बाळाचं रडणं, पाळण्याची करकर, दाराच्या फटीतून येणारा धूर, आणि चिऊ आतून जे ओरडून सांगते ते.

याचा एक फायदा नंतर लक्षात आला. चिऊ म्हणते “काजळ-तीट लावून राहिली”, आणि काऊला आतून कसलाच आवाज येत नाही. ती खरंच तीट लावतेय की दाराला पाठ लावून उभी आहे? ते लिहिलं नाही. “आत काहीच वाजलं नाही” एवढं ठेवलं.

निमित्तं सहा: न्हाऊ घालणं, अंग पुसणं, अंगडं-टोपडं, काजळ-तीट, भरवणं, झोपवणं. आधी प्रत्येक निमित्तानंतर काऊचा एकेक लांब परिच्छेद होता, सगळे सारख्या लांबीचे. वाचताना चौथ्याला मुलं पुढचं स्वतःच म्हणू लागतात आणि परिच्छेद मध्ये आडवा येतो. म्हणून उतरती भाजणी केली: साधारण ६०, ४५, ३५, २५, १५ आणि शेवटी नऊ शब्द. सहाव्या वेळी काऊ फक्त म्हणतो, “झोपव न बाई. मी इथंच आहो. कुठं जाऊन राहिलो?” या एका बदलानं वाचनाची दीड मिनिटं वाचली.

मजकूर ११ मिनिटं, १,१५० शब्द.

१७ मे

घरं बांधायला घेतली. वाचनाच्या वेळी समोर ठेवायची म्हणून, आणि ‘शेणाचं घर वाहून गेलं’ हे वाक्य आपण पाहिलेलं नाही म्हणूनही.

शेणाचं घर: २० × २० सेंटिमीटर, उंची १८, भिंत दोन सेंटिमीटर जाड. ताजं शेण चार किलो. गोठ्यातून फुकट, आणायला रिक्षाचे ८० रुपये. पहिलं घर नुसत्या शेणाचं केलं. दुसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांत बोट जाईल एवढ्या भेगा. वरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि आक्रसताना फाटतं.

१९ मे

दुसरं घर. चार किलो शेणात ४०० ग्रॅम तुरीचं कुटार (भुसकट), बारीक करून, हातानं मळून अर्धा तास झाकून ठेवलं. भिंती पुठ्ठ्याच्या खोक्याभोवती थापल्या, छप्पर वेगळं थापून दुसऱ्या दिवशी बसवलं. उन्हात एकदम ठेवायचं नाही. पहिला दिवस सावलीत, ओलं गोणपाट वर टाकून. भेगा आल्या त्या केसाएवढ्या, शेणकाल्यानं बुजवल्या. वाळायला चार दिवस. खोकं तिसऱ्या दिवशी आतून फाडून काढावं. राहिलं तर बुरशी धरतं, पहिल्या घरात धरलीच होती.

२४ मे

पावसाची चाचणी, झारीनं. वाहून वगैरे काही गेलं नाही. पहिल्या दोन झाऱ्या नुसत्या जिरल्या. मग भिंती फुगल्या, रंग काळा झाला, छपराची मधली बाजू खाली आली, आणि चौथ्या झारीला अख्खं घर गुडघ्यात वाकल्यासारखं खाली बसलं. पाणी निघालं ते तांबूस, त्यात कुटाराच्या काड्या.

मजकुरात बदल: ‘वाहून गेलं’ काढून “आधी फुगलं, मग बसलं. मी आत होतो”. मुलांना पुढच्या वाचनात हेच वाक्य पाठ राहिलं.

२६ मे

नवतपाचा दुसरा दिवस, मेणाच्या घरासाठी मुद्दाम थांबलो होतो. इतवारीतून पांढरं पॅराफिन दोन किलो, ३६० रुपये. एका घराला सहा मिलिमीटर जाडीनं सुमारे एक किलो लागतं. दुसरा किलो चुकांसाठी, आणि तो लागला. परातीला तेलाचं बोट, तिच्यात ओतायचं मेण भांड्यात पाणी ठेवून त्यावर दुसऱ्या भांड्यात वितळवायचं. सरळ गॅसवर ठेवायचं नाही, पेट घेतं. कोमट असतानाच गरम सुरीनं कापावं. पूर्ण थंड झाल्यावर कापलं की काचेसारखं तडकतं. पहिल्या चार भिंती अशाच गेल्या. सांधे वितळलेल्या मेणानं.

खर्ड्यात काऊ खुशीत सांगत होता की नवतपात चिऊचं घर वितळून वाहिलं. गच्चीवर ठेवलं, स्वयंपाकाचा थर्मामीटर फरशीला लावला: दुपारी एकला ५८ अंश. हे मेण साधारण ५८ ते ६० ला वितळतं. हवा तेवढी तापत नाही. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हाही घराच्या सावलीतलं मेण वितळलं नसतं. झालं असं की १२.४० ला छप्पर मध्ये लोंबलं, सव्वाला उन्हाकडची भिंत बाहेर झुकली, आणि तळ फरशीला चिकटला. थेंबही वाहिला नाही. संध्याकाळी ते तसंच वाकडं घट्ट झालं.

वाक्य बदललं: “उन्हानं तिचं छप्पर ओल्या पोळीसारखं लोंबून राहिलं होतं. मी पाहाले गेलो.” इथं काऊला घरी जायचं निमित्तही मिळालं, जे इतके दिवस उसनं वाटत होतं. छप्पर लोंबलं म्हणजे फट पडली असणार. फट लिहिली नाही.

गच्चीच्या फरशीवरचं मेण खरवडायला एक तास. खाली जुना पेपर टाकावा.

३० मे

काळाचा घोळ. खर्ड्यात काऊ वैशाखाच्या सुरुवातीला चिऊकडे जातो आणि पाऊस मिरगानंतर पडतो. चिमणीची अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लू पुढच्या दोनेक आठवड्यांत उडतं. म्हणजे आमच्या हिशोबानं पाऊस येईपर्यंत पाळण्यातलं बाळ कधीच उडून गेलेलं असतं. मुलांच्या लक्षात आलं नसतं, पण एखाद्या आजीच्या नक्की आलं असतं.

२६ मेच्या चाचणीनं उत्तर आधीच दिलं होतं. भेट नवतपात नेली. २५ मेच्या आसपास अंडी, जूनच्या मध्यावर पाऊस: बारा दिवस उबवणं आणि पुढं आठ-नऊ दिवसांचं पिल्लू. बरोब्बर पाळण्यात. एकच शब्द बदलला, ‘वैशाखात’चं ‘नवतपात’.

२ जून

डमी, म्हणजे नमुना प्रत. १६ पानं म्हणजे चार कागद मधून दुमडून, सेंटर पिन. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं येतात, हे मजकूर कापायच्या आधी ठरवावं. मांडणी: २-३ नवतपा, ४-५ पाऊस, ६-७ पहिलं निमित्त, ८-९ दुसरं, १०-११ तिसरं-चौथं, १२-१३ पाचवं-सहावं, १४-१५ घराच्या आत.

निमित्तांच्या पानांवर डावीकडे काऊ आणि पाऊस, उजवीकडे नेहमी बंद दार. दार म्हणून कापून उघडणारी झडप करून पाहिली. तिसऱ्या वाचनाला झडप हातात आली. शिवाय दर प्रतीमागं कापाईचे दोन रुपये. झडप रद्द, पान उलटणं हेच दार. त्यासाठी ‘दार उघड!’ ही ओळ उजव्या पानाच्या अगदी तळाशी हवी. पहिल्या डमीत ती डाव्या पानावर होती, मुलं ओळ म्हणून झाल्यावर अजून अर्धं पान बाकी असायचं आणि सगळा जोर जायचा.

डमीच्या तीन फेऱ्या, झेरॉक्स २१० रुपये.

११ जून

आजची चूक महागाची. चित्रं सगळी झाली, काळी शाई आणि हळदीचा एक रंग. पान १५ वर पाळणा, पाळण्यात तीन पिल्लं. चोचा उघडलेल्या, गोड.

चित्र काढणाऱ्याचा दोष नाही. त्याला दिलेल्या कागदावर ‘पाळण्यात चिऊचं बाळ’ एवढंच लिहिलं होतं, आणि पान ३ वर तीन अंडी दिसली म्हणून त्यानं प्रामाणिकपणे तीन पिल्लं काढली. अख्खी गोष्ट ज्या आकड्यावर उभी आहे तो आकडा आम्ही त्याला सांगितलाच नव्हता, कारण आमच्या डोक्यात तो इतका पक्का होता. चित्रकाराला पानाचा मजकूर देऊन भागत नाही, ते पान गोष्टीत काय काम करतं हेही द्यावं लागतं.

नवीन चित्र, ५०० रुपये आणि दोन दिवस. पाळणा मोठा ठेवायला सांगितला, एका पिल्लाच्या मानानं फार मोठा.

१४ जून

पहिला प्रूफ, १८० रुपये. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘राहिलो’तली वेलांटी ‘ह’च्या पलीकडे. मजकूर युनिकोडमध्ये होता, पण पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाची मांडणी साध्या पर्यायावर राहिली होती. ती ‘वर्ल्ड-रेडी’वर नेली की वेलांट्या जागेवर येतात. ‘ऱ्या’चं दुखणं वेगळं: काही कळफलक त्यात न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि कॉपी करताना ते गळतं. शोधून बदलून घेतलं, १९ ठिकाणी. प्रूफ स्क्रीनवर पाहू नये, कागदावरच पाहावा आणि उलटीकडून वाचावा. सरळ वाचलं की गोष्ट ओढून नेते.

दुसरा प्रूफ, आणखी १८०. यात एकच चूक, आमचीच: ‘बाई’चं ‘बाइ’.

१९ जून

छपाई. आत ९० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, कव्हर २५० चं आर्ट कार्ड. डिजिटल, प्रतीमागं २८ रुपये, ३०० प्रतींचे ८,४००. ऑफसेटचा भाव विचारला होता, पण एवढ्या कमी प्रतींना प्लेटचा खर्च परवडत नाही. हजारच्या पुढं हिशोब उलटतो.

चित्रांचं मानधन ६,०००, कागद-शाई ६५०, कुटाराचे ४०, बाकी वर आलंच आहे. सगळे मिळून १६,६००. एका प्रतीला पंचावन्न रुपयांच्या जरा वर. ६० रुपये किंमत लावली. लिहिण्याचे पैसे यात धरलेले नाहीत, ते धरले तर हे काम कुणी करणार नाही.

२९ जून

आपल्याकडे शाळा उशिरा सुरू होतात, त्यामुळे छापील पुस्तिकेचं वर्गातलं पहिलं वाचन आत्ता झालं. बाहेर खरा पाऊस, पत्र्यावर आवाज इतका की दोनदा थांबावं लागलं.

१२ मुलं, तिसरी. शेवटच्या पानावर ‘एकच’ आलं आणि एक मुलगा पुस्तिका ओढून घेऊन मागं पान ३ वर गेला. बोटानं अंडी मोजली. पुन्हा पुढं आला. काही बोलला नाही, शेजारच्याला पान ३ दाखवलं. मग सगळ्यांचंच मागं-पुढं सुरू झालं. दोघीजणी शेवटपर्यंत म्हणत होत्या की बाकीची दोन पिल्लं उडायला शिकली आणि गेली. त्यांना कुणी खोडून काढलं नाही, आम्हीही नाही. चिऊ वाईट का हा प्रश्न या वेळी आला नाही. काऊ वाईट का, यावर मात्र मधली सुट्टी गेली.

पुढच्या छपाईसाठी: पान ३ वरची अंडी थोडी मोठी हवीत, मागच्या बाकावरून दिसत नाहीत. पान ११ वर पाऊस फार काळा छापला गेलाय, काऊ त्यात हरवतो. शेणाचं घर वर्गात नेताना झाकून न्यावं, पावसात अर्धं बसलं. पान १५ ची बरोबर फाइल ‘शेवटची-४’ नावाची आहे. ‘शेवटची-३’ मध्ये अजून तीन पिल्लं आहेत, ती चुकूनही छापायला देऊ नये.